खंजिरी तुरुंगातून परतली तेव्हा

२ डिसेंबर १९४२ रोजी एक तेहेतीस वर्षांचा भजनगायक कारावासातून मुक्त झाला. नागपूर आणि रायपूर येथील कारागृहांत मिळून तीन महिन्यांहून थोडा अधिक काळ तो बंदिवान होता. चोरी, दरोडा वा शस्त्रसाठा असा कोणताही आरोप त्याच्यावर नव्हता. त्याची भजने ऐकून लोक पेटून उठतात, हा सरकारचा आक्षेप होता. हा भजनगायक म्हणजे अमरावती जिल्ह्यातील यावली गावचा माणिक बंडोजी. वऱ्हाडच त्याला तुकडोजी महाराज या नावाने ओळखत होते; पुढे सारा देश त्याला राष्ट्रसंत म्हणू लागला.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण तसे घरगुती आहे. आमच्या घरातील तरुण मुले सध्या जे संगीत ऐकतात त्याला रॅप म्हणतात. त्यात सूर कमी आणि बोल फार. तालावर भराभर म्हटलेले ते बोल प्रथम ऐकताना आमच्या कानांना भांडणासारखे वाटले. मुलांना आम्ही तसे सांगितलेही. त्यावर एका मुलाने उत्तर दिले, "हा आपल्या अमरावतीचा आहे, आणि वऱ्हाडीत बोलतो." आम्ही थबकलो. सौरभ अभ्यंकर हे त्या गायकाचे नाव. आपल्या नावातील 'सौ' म्हणजे हिंदीतील शंभर, अशी गंमत करून तो स्वतःस 'शंभर आरबीएच' असे लिहितो. २०२३ साली 'हसल' या दूरचित्रवाणीवरील रॅपस्पर्धेमुळे तो देशभर पोहोचला. जात, दारिद्र्य आणि वस्तीतले जगणे हे त्याचे विषय. गाणे पुन्हा ऐकले, तेव्हा ते भांडण वाटले नाही. निदान विनाकारण भांडण तरी वाटले नाही.

रॅप ज्या हिप-हॉप परंपरेतून आले, तिचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या गरीब भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत झालेला नाचगाण्याचा मेळावा हा तिचा आरंभ मानतात. प्रथम ते केवळ करमणुकीचे संगीत होते. १९८२ साली 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' या गटाने 'द मेसेज' हे गीत काढले. पडक्या वस्तीत राहणाऱ्या माणसाची घुसमट त्यात होती, आणि तेथून या संगीतात समाजाचे दुःख बोलू लागले. पुढे १९८५ च्या सुमारास 'पब्लिक एनिमी' हा गट उभा राहिला. त्यातील तरुण साठीला आले तरी गप्प बसले नाहीत. २०२० साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी आपले तीस वर्षांपूर्वीचे गाजलेले गीत नव्या पिढीच्या गायकांना सोबत घेऊन नव्याने गायिले. जुना गट नवे बोल घेऊन परतला, याचे तिकडे कौतुक झाले. ते योग्यच होते. मात्र अशा परतण्याची एक फार मोठी गोष्ट आपल्याच अंगणात घडून गेली आहे, आणि आपण ती मुलांना सांगितलेली नाही.

वऱ्हाडात या गोष्टीची सुरुवात तुकडोजी महाराजांच्याही आधी, गाडगेबाबांपासून करावी लागेल. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. बालपण गेले अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामांच्या गावी. गुरे राखण्यात आणि शेतीत. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर किंवा हाती मडक्याचे गाडगे, असा त्यांचा वेष. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावाला कीर्तन ऐकवायचे, हा परिपाठ होता. त्यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले ते एक गोष्ट हटकून सांगत. बाबा एकटे बोलत नसत. ते समुदायाला प्रश्न विचारत, समुदाय उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून लग्न केले का? देवापुढे बकरे कापले का? पोराला शाळेत घातले का? बसलेल्या माणसाला आपल्याच तोंडाने आपले चुकले असे म्हणावे लागे, आणि ते म्हणताना तो हसतही असे. या प्रश्नोत्तरांना टाळ्यांची आणि नामघोषाची लय होती. त्यांच्या अखेरच्या काळातील एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण १९५६ साली मुंबईत वांद्रे येथे झाले. ते आजही ऐकावयास मिळते. आमच्या घरातील मुलांना आम्ही ते ऐकविले, तेव्हा त्यांनी जे म्हटले ते येथे लिहिण्याचा मोह आवरत नाही: "हे तर लाइव्ह रॅप आहे." गाडगेबाबांना रॅपर ठरविण्याचा आमचा विचार नाही. परंतु गायक हाक देतो आणि समुदाय ओ देतो, ही रीत मुलांनी ताबडतोब ओळखली, एवढे खरे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. या दोघांचा स्नेह होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली होती.

तुकडोजी महाराज गाडगेबाबांहून तेहेतीस वर्षांनी लहान. ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिकचे शालेय शिक्षण तिसरीच्या आसपास थांबले. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्याने गुरू मानले आणि 'तुकड्या' हे नाव त्यांच्याकडूनच मिळाले. रामटेक, सालबर्डी येथील अरण्यांत त्याने काही काळ घालविला. गावात परतला तो हाती खंजिरी घेऊन. खंजिरी हे तसे किरकोळ वाद्य. लाकडी कडे, एका बाजूस ताणलेले चामडे आणि कडेच्या खाचांत बसविलेल्या पितळी चकत्या. ते एका हातात धरावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावे. पेटी नको, तबला नको, बैठक नको. चालता चालता वाजविता येते आणि एक माणूस हजारांसमोर उभा राहू शकतो. तुकडोजी महाराजांच्या हाती ते आले, आणि वऱ्हाडात खंजिरी म्हटले की त्यांचेच नाव निघू लागले. मराठीत आणि हिंदीत त्यांनी हजारो भजने रचली. १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ साली ते महात्मा गांधींच्या सहवासात सुमारे महिनाभर वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहिले. याच शेगावचे १९४० साली सेवाग्राम झाले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचा घोटाळा होऊन गांधीजींची पत्रे भलतीकडे जात, हे त्यामागील एक कारण होते.

यानंतर १९४२ चा ऑगस्ट उजाडला. येथे आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

त्या काळात महाराजांच्या भजनांना वेगळीच धार चढली होती. स्वातंत्र्याच्या लढ्यात झाडे आणि दगडदेखील सामील होतील, अशा प्रतिमा त्यांत होत्या. वऱ्हाडाबाहेर, चांदा जिल्ह्यातील चिमूर भागात त्यांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला लोक मिरवणुकीने निघाले. गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात मृत्युमुखी पडला. संतापलेल्या जमावाने सरकारी इमारतींना आगी लावल्या आणि काही सरकारी अधिकारी ठार केले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस ठाण्यासमोर दोन्ही बाजूंची माणसे मेली. पुढे चिमूरला लष्कर आले आणि तेथील स्त्रियांवर अनन्वित अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी साठांहून अधिक दिवस उपोषण केले. खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर आवाज उठला. २८ ऑगस्टला तुकडोजी महाराजांना अटक झाली.

स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिताना चिमूर-आष्टीचे प्रकरण आपण अभिमानाने लिहितो, आणि त्यात अभिमान वाटण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु ज्याच्या गाण्याने माणसे घराबाहेर पडली, त्या गायकाच्या मनाचा विचार आपण क्वचितच करतो. बालाजीसारखे मूल गेले. ज्यांच्याकडे कोणतेही शस्त्र नव्हते अशा स्त्रिया लष्कराच्या हाती सापडल्या. सरकारी नोकर मारले गेले, त्यांचीही घरे होती. गाण्याने माणूस उठतो. उठून तो काय करील, हे मात्र गायकाच्या हाती राहत नाही. कारागृहातील त्या महिन्यांत महाराजांच्या मनात काय चालले होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. बाहेर आल्यावर त्यांनी जे केले ते मात्र सर्वांसमोर आहे.

ते गाणे सोडून बसले नाहीत. खंजिरी पुन्हा वाजू लागली, तोच आवाज आणि तीच ओढ घेऊन. पण भजनाचा रोख आता गावाकडे वळला. शत्रूला हाकलावे या विषयाच्या जागी पहाटे उठून काय करावे, हा विषय आला. गाव झाडावा, विहीर सर्वांसाठी मोकळी करावी, व्यायामशाळा काढावी, लग्नात उधळपट्टी करू नये, दारू सोडावी, मुलींना शिकवावे, सायंकाळी सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकत्र बसून सामुदायिक प्रार्थना करावी. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वऱ्हाडात खेडोपाडी उभ्या राहिल्या. भजन संपले की मंडळी घरी न जाता खराटे उचलीत, असे अनेक गावांतील वृद्ध सांगत असत. गाडगेबाबांचा खराटा आणि महाराजांची खंजिरी येथे एकत्र आल्या, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

हा फरक फार ताणूही नये. मोझरीचा आश्रम १९४२ पूर्वीचाच, आणि ग्रामसुधारणेचे बोल आधीच्या भजनांतही आढळतात. शिवाय महाराज अहिंसेचे व्रत घेऊन बसले असेही नाही. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात सीमेवरील जवानांसमोर त्यांनी वीररसाची गीते गायिली. तरीही १९४२ नंतरच्या रचना वाचीत गेले की एक गोष्ट मनात ठसते. ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी काम दिल्याशिवाय त्यांचे भजन संपत नाही.

या साऱ्याचा परिपाक म्हणजे १९५५ सालची ग्रामगीता. एकेचाळीस अध्याय आणि साडेचार हजारांहून अधिक ओव्या. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, दलितसेवा अशी तिच्या अध्यायांची शीर्षके आहेत. 'भजनप्रभाव' नावाचा एक स्वतंत्र अध्यायही तिच्यात आहे. भजनाने गाव कसा घडतो आणि कसा बिघडतोही, याची चिकित्सा त्यांनी स्वतःच केली. आपल्या कलेकडे असे परक्यासारखे पाहणे फार थोड्यांना जमते.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना येथे दोन गोष्टी आठवाव्यात. ज्या १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी मे महिन्यात अमरावती धर्मप्रांताची स्थापना झाली. हा योगायोगच, त्यातून काही सिद्ध करावयाचे नाही. दुसरी गोष्ट ओवीची. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले, तेव्हा इंग्लंडमध्ये जन्मलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूने युरोपातील एखादा छंद निवडला नाही. जात्यावर दळणाऱ्या बाईच्या ओठी असलेली, ज्ञानोबांनी ग्रंथात आणलेली ओवी त्यांनी उचलली आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत प्रभू येशूची कथा सांगितली. लोकांच्या ओठांवर जी रचना आधीपासून आहे तिच्यातूनच बोलावे, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला आणि लोकसंगीताला दार उघडून दिले.

हे दार उघडल्यानंतरची एक आठवण सांगणे आम्हांस भाग आहे, आणि ती आम्हांस भूषणावह नाही. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध शेतमजूर होते. तरुणपणी ते गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवीत. एका रविवारी मिस्सेच्या वेळी ते खंजिरी घेऊन गायकवृंदात येऊन उभे राहिले. गायकवृंदाची जबाबदारी आमच्याकडे होती. आम्ही त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की हे वाद्य येथे शोभत नाही; पेटी पुरे. ते काही बोलले नाहीत. पुढल्या रविवारी आले ते रिकाम्या हातांनी, आणि गायकवृंदात न येता मागच्या बाकावर बसले. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने ती खंजिरी आमच्याकडे आणून दिली. "तुम्ही गाण्यातले, तुमच्याकडे असू द्या," असे तो म्हणाला. त्याला आधीचे काही ठाऊक नव्हते.

महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे देह ठेवला. पण खंजिरी त्यांच्यासोबत गेली नाही. अकोला जिल्ह्यातील अकोट भागातून पुढे आलेले सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या मांडून वाजवितात. त्यांना सप्तखंजिरीवादक म्हणतात ते यामुळेच. ठसकेबाज वऱ्हाडीतून ते हुंड्यावर, बुवाबाजीवर आणि व्यसनांवर बोलतात. कर्जाने खचलेल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला जगण्याची हिंमत देतात. त्यांच्या कीर्तनाला बायका-पोरे हसून लोळतात, आणि मध्येच सारा मंडप स्तब्ध होतो. २०१७ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून बरे झाल्यावर ते घरी बसले नाहीत. साठी गाठलेला हा माणूस खंजिऱ्या घेऊन पुन्हा उभा राहिला, आणि विषय त्याने बदलले नाहीत.

दुसऱ्या बाजूने भीमगीतांचा प्रवाह होता. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर वऱ्हाडातील वस्त्यावस्त्यांत गायनपार्ट्या उभ्या राहिल्या. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी त्यांतून घरोघरी गेली. आजच्या अमरावतीतील तरुण रॅपर या दोन्ही प्रवाहांच्या काठी वाढला आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने २०१९ साली आरे परिसरातील आदिवासींच्या प्रश्नावर 'वारली रिव्होल्ट' हे गीत काढले, तेव्हा त्यात प्रकाश भोईर या वारली कार्यकर्त्याचाच आवाज घेतला. स्टीफन्स यांनी ओवी उचलली, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

या तरुणांच्या बोलांत संताप आहे आणि तो खरा आहे. त्यांची सगळीच भाषा आम्हांस रुचते असे नाही. काही शिव्या गाळल्या असत्या तरी गाणे दुबळे झाले नसते. पण १९४२ पूर्वीच्या खंजिरीतही संतापच होता. आज हे तरुण जेथे आहेत तेथे महाराज तिशीत होते. आणखी दहा-वीस वर्षांनी ते कोणते बोल घेऊन परततात, हे ऐकण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

एक योगायोग नोंदवावासा वाटतो. २००५ साली अमरावती विद्यापीठास संत गाडगेबाबांचे आणि नागपूर विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. एकाने शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि दुसरा तिसरीच्या पुढे गेला नव्हता. दोघांचीही पदवी लोकांनी रात्री मैदानात बसून दिलेली होती.

दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीस मोझरीला प्रचंड समुदाय जमतो. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, सर्व जण जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. महामार्गावरील वाहनेही थांबतात. ज्याने जन्मभर गाऊन माणसे हलविली, त्याला त्याची माणसे मौनाने वंदन करतात. त्यानंतर सर्वधर्मीय प्रार्थना होतात.

यंदा नाताळच्या कार्यक्रमासाठी आमच्या धर्मग्रामातील मुलांनी स्वतः एक रॅपगीत लिहिले. विषय आहे गव्हाणीतला बाळ आणि गावाबाहेर पालांत राहणारी ऊसतोड मजुरांची मुले. त्यांनी आमच्याकडे ती खंजिरी मागितली. कपाटावरून काढून पाहिली तेव्हा चकत्यांवर हिरवट थर आला होता आणि चामडे सैल पडले होते. एक मुलगा म्हणाला, नवी आणू या. आम्ही नको म्हटले. चकत्या चिंचेने घासल्या, आणि खंजिरी शेगडीच्या उबेपाशी धरून हळूहळू फिरवीत राहिलो. चामडे ताणत गेले. मुलाने बोटाने टिचकी मारून पाहिली.